रबरबाईचे ठोके

चार दिवस झाले, दक्षिणेकडून येणारा म्वेरा वारा काही थांबायचं नाव घेत नव्हता. खाली सरोवराचं पाणी खडकांवर आपटत होतं, होड्या वाळूत पालथ्या पडल्या होत्या, आणि टेकडीवरच्या नर्सिंग कॉलेजच्या छपराचा एक पत्रा सकाळपासून धाडधाड वाजत होता. तावोंगा मुंथाली त्या आवाजात टेबलाशी बसली होती. समोरचा अहवाल एका शब्दापुढे सरकत नव्हता.

कागदाच्या वरच्या भागात प्राचार्य झगाम्बोंचा प्रश्न टाइप केलेला होता. लुसुंगु कामांगा या विद्यार्थिनीला पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायला शिकवलं होतं का, आणि तिला ते येतं याची खात्री कोणी केली होती?

त्याखाली तावोंगाने लिहिलं होतं, 'होय.' त्या 'होय'पुढच्या पूर्णविरामावर ती इतका वेळ पेन फिरवत बसली होती की त्याचा वाटाणा झाला होता.

घडलं ते गुरुवारी. एस्नाथ नावाची बाई दुसऱ्या बाळंतपणासाठी आली होती. तिच्या पोटावर लाकडी शिंग ठेवून दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके मोजायचे नि तक्त्यावर मांडायचे, हे काम लुसुंगुकडे होतं. तिने नऊ वाजता एकशे चाळीस लिहिले. साडेनऊला एकशे चाळीस. दहाला एकशे चाळीस. साडेदहालाही तेच. पावणेअकराला वॉर्डच्या मुख्य सिस्टर न्यागोंडवे तिथून जात होत्या. एका रांगेत मुंग्यांसारखे बसलेले ते चार आकडे बघून त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी स्वतः शिंग लावलं. ठोके शंभराच्या खाली गेले होते. मग ढकलगाडी, पळापळ, ऑपरेशन. मुलगी झाली. बऱ्याच वेळाने तिने श्वास घेतला, पण रडली नाही. चौथा दिवस उजाडला तरी ती उबेच्या खोलीत नळीने दूध घेत होती.

उद्या, मंगळवारी दोन वाजता, चौकशी होती. लुसुंगुने जाणूनबुजून खोटे आकडे लिहिले असं ठरलं तर तिचं नाव पटावरून कमी होणार. मग देशातलं दुसरं कुठलंही कॉलेज तिला दारात उभं करणार नव्हतं. तिसरं वर्ष संपायला तीन महिने उरले होते.

आणि लुसुंगुच्या वहीत, 'बाळाचे ठोके ऐकणे' या ओळीसमोर 'येतं' असं लिहून खाली सही होती ती तावोंगाची. वळणदार, मोठी, आत्मविश्वासाने केलेली सही.

दहाचा तास पहिल्या वर्षाचा होता. तावोंगाने अहवाल उलटा ठेवला, त्यावर पंच ठेवला, उठली, पुन्हा मागे वळून पंच सरळ केला आणि मग सरावाच्या खोलीकडे निघाली. बाळंतपणाची रजा संपून तीन महिने झाले होते, पण अजून कुठल्याही खोलीतून निघताना आपण काहीतरी मागे विसरतोय असं तिला वाटायचं. सात महिन्यांचा तेम्वा घरी आजीजवळ होता. त्याला सकाळी शिंक आली होती. एकच. तरी ती एक शिंक तिच्या डोक्यात दर दहा मिनिटांनी येत होती.

खोलीच्या मधोमध टेबलावर रबरबाई पडली होती. गुडघ्यापासून छातीपर्यंतचं रबरी शरीर, पोटाला चेन, आत कापडी बाळ. डोकं नाही, हात नाहीत. मुलींनी तिचं नाव रबरबाई ठेवलं होतं, आणि येताजाता तिला नमस्कार करायचीही त्यांची रीत होती. "कशा आहात, आजी? आज तरी होताय का मोकळ्या?" असं कोणीतरी म्हणायचं नि बाकीच्या हसायच्या. रबरबाई बारा वर्षं मोकळी होत होती.

"चल, तू ये," तावोंगाने पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलावलं.

मुलगी आली. बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते हाताने चाचपलं, शिंगाचं रुंद तोंड पोटावर टेकवलं, कान लावला, हात मागे घेतले. सगळं बरोबर. मग घड्याळाकडे बघत मिनिटभर थांबली.

"किती?"

"एकशे चाळीस, मॅडम."

"शाब्बास," तावोंगा म्हणाली, आणि त्या शब्दाने तिचं तोंड भाजल्यासारखं झालं.

कारण रबरबाईला हृदय नव्हतं. तिच्या पोटात कापूस होता. तिथे कान लावून काहीच ऐकू येणं शक्य नव्हतं. मग कितीतरी वर्षांपूर्वी कुठल्याशा शिक्षिकेने सोय म्हणून ठरवलं असेल की एकशे चाळीस म्हणा. निरोगी बाळाचा मधला आकडा, लक्षात ठेवायला सोपा. तावोंगा इथे शिकत होती तेव्हा तिनेही रबरबाईच्या पोटाला कान लावून एकशे चाळीस सांगितलं होतं आणि शाब्बासकी मिळवली होती. शिक्षिका झाल्यावर तिने तोच आकडा पुढे चालवला. गुरुवारचा तक्ता बघेपर्यंत त्यात काही चुकतंय असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आकडा बरोबर आला की ती मान डोलवायची नि सही करायची.

"मॅडम, मी चुकले का?" मुलगी विचारत होती. ती अजून टेबलाजवळ उभी होती, नजर खाली.

"नाही. बस तू." मग तिला राहवलं नाही. "तुला काय ऐकू आलं?"

मुलीने मागे मैत्रिणींकडे बघितलं. हा प्रश्न पुस्तकात नव्हता. "एकशे चाळीस," ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू.

तास कसातरी संपला. तावोंगाने कपाटातून तिसऱ्या वर्षाची फाइल काढली. परीक्षेचे अठ्ठावीस कागद होते. प्रत्येकावर 'मोजलेले ठोके' असा एक रकाना होता. ती एकेक कागद उलटत गेली. एकशे चाळीस, एकशे चाळीस, एकशे चाळीस. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस वेळा, सगळं तिच्याच अक्षरात. एकानेही एकशे छत्तीस सांगितलं नव्हतं. एकानेही "मॅडम, काही ऐकू येत नाही" असं म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर आपण काय केलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. नापास केलं असतं.

फाइल काखेत मारून ती वॉर्डकडे गेली. उबेच्या खोलीत एस्नाथ बसली होती, मुलगी उघड्या छातीशी, चितेंजेच्या कापडाने घट्ट बांधलेली. एस्नाथने तिला ओळखलं नाही. पांढरा गणवेश दिसला म्हणून ती नुसती अंग चोरून सरकली.

"दूध ओढते का गं आता?" तावोंगाने विचारलं.

"जीभ हलवते, सिस्टर. आज सकाळी दोनदा हलवली."

पलीकडच्या खाटेवरचं एक बाळ कळवळून रडलं आणि तावोंगाच्या ब्लाउजला दोन्हीकडे ओल आली. तिने फाइल छातीशी धरली. एस्नाथच्या मुलीचे डोळे उघडे होते, पण ते कुठेच बघत नव्हते. की बघत होते? तावोंगा वाकली, बोट डावीकडून उजवीकडे नेलं, पुन्हा नेलं. मग एस्नाथ आपल्या तोंडाकडे बघतेय हे लक्षात आल्यावर तिने हात मागे घेतला.

न्यागोंडवे बाहेर ओट्यावर तळलेली मंदासी खात बसल्या होत्या. पलीकडे बाळंतिणींच्या आया आणि सासवा चुली पेटवायच्या खटपटीत होत्या आणि वारा त्या विझवत होता.

"ये गं, न्यामुंथाली," तावोंगाच्या मुंथाली आडनावाला मानाचं 'न्या' लावून त्या म्हणाल्या. "बाळाला पाजायला निघालीस की माझं डोकं खायला?"

"सिस्टर, लुसुंगु खोटारडी आहे असं तुम्हाला वाटतं का?"

न्यागोंडवेंनी बोटांचं तेल मंदासीच्या कागदाला पुसलं. "तीस वर्षं मी खोटे तक्ते बघतेय. खोटं लिहिणारी माणसं हुशार असतात. एकशे अडतीस, एकशे बेचाळीस, मग एकशे छत्तीस, असं वरखाली लिहितात, खऱ्यासारखं. या बयेने चारदा तोच आकडा लिहिला. तिला धड खोटंही बोलता येत नाही. ती खोटी नाही, भित्री आहे. पण भित्री नर्स जास्त वाईट. उद्या मी तेच सांगणार."

"काढून टाका म्हणून?"

"मी तिला काढणारी कोण? मी जे बघितलं ते सांगणार." त्यांनी तावोंगाकडे निरखून बघितलं. "तू का एवढी पांढरी पडलीस? तुझ्या सहीवर काही येणार नाही. पोरीला शिकवलं होतंस, तिला येत होतं, तिने केलं नाही. झालं."

झालं. हेच तर 'होय'मध्ये होतं. तावोंगा टेकडी उतरून घरी निघाली. वारा तिचा घागरा पायांत गुंडाळत होता. कंत्राटावरची वर्षं संपून ऑगस्टमध्ये तिची नोकरी पक्की व्हायची होती. राहतं घर कॉलेजचं होतं, नवरा पार उत्तरेला मासेमारी खात्यात, दोन महिन्यांतून एकदा यायचा. तोंड बंद ठेवायला तिला कारणं शोधावी लागत नव्हती. कारणंच आपण होऊन रांगेत येऊन उभी राहत होती.

सासूबाई अंगणात सिमासाठी कसाव्याचं पीठ चाळत होत्या. "तुझी ती आकडेचोर आलीय बघ," त्या चाळणी न थांबवता म्हणाल्या. "केव्हाची व्हरांड्यात बसलीय. चहा दिला, पीत नाही. सिमा दिली, जेवत नाही. जाळ्यातून काढलेल्या उसिपा मासळीसारखी नुसती तोंड उघडमीट करतेय."

"तेम्वाला परत शिंक आली?"

"मला आली. त्याला नाही."

लुसुंगु तावोंगाला बघताच गुडघ्यांवर बसली, दोन्ही तळवे जुळवून, नजर जमिनीला. वयाने वीस, अंगाने किडकिडीत. गणवेश धुऊन इस्त्री केलेला, जणू चौकशी आजच होती.

"ऊठ गं. आत ये."

"मॅडम, मी माफी मागायला आले. माझ्यामुळे तुमची सही खराब झाली."

तावोंगाला ते वाक्य लागलं. तिने आत जाऊन तेम्वाला घेतलं, आडोशाला चितेंजे खांद्यावर ओढलं आणि त्याला पाजायला बसली. लुसुंगु दाराशी चटईच्या कडेला टेकली. तिच्या खिशातून शिंगाचं तोंड बाहेर आलं होतं. वॉर्डवर बंदी घातली होती तरी ते ती जवळ बाळगून होती.

तेम्वा पिता पिता झोपला. तावोंगाने नेहमीसारखा त्याच्या नाकाशी तळवा धरून श्वास बघितला, एकदा, दोनदा. मग म्हणाली, "शिंग काढ. ह्याच्या छातीला लाव. मोज."

"ह्याच्या?"

"ह्याला हृदय आहे. लाव."

लुसुंगु गुडघ्यांवरच पुढे सरकली. शिंग छातीवर टेकवलं, वाकली, कान लावला. तावोंगाने तेम्वाच्या दंडाच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर नजर रोखली. मिनिट संपलं. बाहेर चाळणी थांबली होती.

"किती?"

लुसुंगुने मान वर केली आणि तावोंगाच्या तोंडाकडे बघितलं. नीट, बारकाईने बघितलं, आभाळाकडे बघावं तसं. "एकशे... चाळीस?"

तावोंगाच्या बोटांनी एकशे बावीस मोजले होते.

"माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही," ती म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिला कष्ट पडले. "परत लाव. ह्या वेळी भिंतीकडे बघून सांग. चुकीचं असलं तरी चालेल, पण तुझ्या कानाचं सांग."

दुसऱ्यांदा मिनिट संपलं. लुसुंगु भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत म्हणाली, "एकशे बावीस. नाही... एकशे तेवीस."

कान ठणठणीत होता. तावोंगाने तेम्वाला खांद्यावर घेतलं, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. "गुरुवारी," ती म्हणाली, "गुरुवारी तुला किती ऐकू आले?"

लुसुंगुने शिंग चटईवर ठेवलं. मग बोलायला लागली ती थांबलीच नाही. "नऊला एकशे तीसच्या आसपास. साडेनऊला एकशे सतरा. मग एकशे आठ. साडेदहाला मी तीनदा मोजलं, मॅडम. तिन्ही वेळा शहाण्णव आले. लांबून कोणी दार ठोठावावं तसे. वारा होता, पत्रा वाजत होता, मला वाटलं माझंच चुकतंय. मला दर वेळी चुकीचंच ऐकू येतं. रबरबाईच्या पोटात तर मला कधीच काही ऐकू आलं नाही. बाकीच्या सगळ्यांना एकशे चाळीस ऐकू यायचे, तुम्ही शाब्बास म्हणायचात. मी पण म्हटलं. मला वाटायचं, माझाच कान खराब आहे, कोणाला कळलं तर काढून टाकतील."

"तीन वर्षं?"

"वॉर्डवर कधी ऐकू यायचं. पण आकडा वेगळा आला की मी बरोबर तोच लिहायची."

"बरोबर तोच म्हणजे?"

"तुमचा," लुसुंगु म्हणाली.

तिच्या बोलण्यात दोष देण्याचा लवलेशही नव्हता, आणि तावोंगाला तेच सहन होईना. मोठ्यांना हवं ते उत्तर देणं म्हणजे त्यांना मान देणं, हे ही पोरगी सरोवराकाठच्या तिच्या गावात चालायला लागल्यापासून शिकली होती. कॉलेजने त्यावर फक्त शिक्का मारला. मुलींना आधार द्यावा, त्यांना घाबरवू नये, बरोबर आलं की लगेच कौतुक करावं, असं तावोंगा स्वतः नव्या शिक्षकांना सांगत आली होती. कौतुकाने आपण काय पेरतोय ते तिने वाकून बघितलं नव्हतं.

"हे उद्या चौकशीत सांगशील?"

लुसुंगुने भीतीने मान हलवली. "नाही, मॅडम. तुमचं नाव मी कसं घेऊ? मी चुकले एवढंच सांगीन."

ती गेल्यावर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हात कोपरापर्यंत पांढरे. "सगळं ऐकलं मी. भिंती पातळ आहेत. पोरगी म्हणतेय ना, नाव घेणार नाही? मग तू कशाला ओढून घेतेस? तिला आईबाप आहेत. तुलाही पोर आहे."

"एस्नाथलाही आहे."

"असल्या बोलण्याने घर चालत नाही, न्यामुंथाली."

"नाही चालत," तावोंगा म्हणाली. त्या रात्री ती तेम्वाचा श्वास बघायला किती वेळा उठली याचा हिशेब तिने ठेवला नाही.

मंगळवारी दोनला प्राचार्यांच्या खोलीत पाच माणसं बसली. झगाम्बो, न्यागोंडवे, दवाखान्याचे डॉक्टर, कारकून आणि तावोंगा. लुसुंगु दाराशी जमिनीवर गुडघे टेकून. खिडकी बंद केली होती तरी पडदा हलत होता.

न्यागोंडवेंनी जे बघितलं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. डॉक्टरांनी सांगितलं की अर्धा तास आधी कळलं असतं तर फरक पडला असता, किती ते सांगता येणार नाही. झगाम्बोंनी लुसुंगुला विचारलं, "तुला काही सांगायचंय?"

"मी चुकले, सर."

"ठोके मोजले होतेस?"

लुसुंगुने जुळवलेले तळवे आणखी खाली नेले.

"की न मोजता लिहिलेस?"

पडदा हलला. तावोंगा वाट बघत होती. पोरीने आता तरी तोंड उघडावं म्हणजे आपल्याला उघडावं लागणार नाही, अशी लाजिरवाणी आशा तिच्या मनात होती. पण लुसुंगुने मान आणखी खाली घातली, आणि झगाम्बोंनी चष्मा सारून तावोंगाचा अहवाल पुढे ओढला. "शिक्षिकेने लिहिलंय, 'होय.' म्हणजे शिकवलं होतं, येत होतं. तर मग..."

"तो 'होय' खोटा आहे, सर," तावोंगा म्हणाली.

कारकुनाचं पेन थांबलं.

तिने फाइल उघडून अठ्ठावीस कागद टेबलावर पसरले. टेबल पुरेना तेव्हा उरलेले तिने अहवालावरच ठेवले. "तिसऱ्या वर्षाची मुलं. बघा हा रकाना. रबरबाईला, म्हणजे त्या बाहुलीला, ठोके नाहीत. तरी प्रत्येकाकडून मी एकशे चाळीस म्हणवून घेतले आणि पास केलं. एकालाही खरे ठोके ऐकवून तपासलं नाही. हिने गुरुवारी मोजले होते. शेवटी तीनदा शहाण्णव मोजले. बरोबर मोजले. पण तीन वर्षं मी तिला शिकवलं होतं की बरोबर उत्तर कानात नसतं, मॅडमच्या तोंडावर असतं. म्हणून तिने माझा आकडा लिहिला."

"न्यामुंथाली," झगाम्बो सावकाश म्हणाले, "तुम्ही काय बोलताय, कळतंय का तुम्हाला? तुमची नेमणूक अजून पक्की नाही."

"कळतंय, सर."

"आणि ती शहाण्णव मोजू शकते, हे कशावरून?"

"काल माझ्या मुलाचे मोजले. माझ्या बोटांशी जुळले. आत्ता तपासा. वॉर्डमध्ये चार बायका आहेत."

मग न्यागोंडवे खुर्चीत रेलल्या. "सर, एक विचारू? तुम्हीही इथेच शिकलात. तुमच्या वेळी बाहुली दुसरी असेल. तिला किती ठोके होते?"

झगाम्बोंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा पुसला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम तरुण आणि गोंधळलेला दिसत होता.

"एकशे चाळीस," ते म्हणाले.

डॉक्टरांना हसू आलं ते त्यांनी खोकल्यात घातलं.

निर्णय साडेचारला झाला. लुसुंगुला काढणार नव्हते. पण कानाने एक ऐकून हाताने दुसरं लिहिलं हा अपराधच होता, म्हणून ती सहा महिने मागच्या तुकडीबरोबर जाईल आणि न्यागोंडवेंच्या देखरेखीखाली पन्नास बायकांचे ठोके मोजून दाखवील. तावोंगाच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सह्या रद्द. सगळ्यांची परीक्षा वॉर्डवर, खऱ्या पोटांवर, पुन्हा. तावोंगाचं नाव परीक्षकांच्या यादीतून खाली, आणि नोकरी पक्की करायचा विचार एक वर्ष पुढे.

बाहेर पडताना न्यागोंडवे तिच्या कानाशी म्हणाल्या, "आता ती सत्तावीस कार्टी तुला कच्चं खाणार. आणि मला फुकटचं काम लावलंस ते वेगळंच."

खरंच खाल्लं. पुढच्या पंधरा दिवसांत तावोंगा व्हरांड्यातून गेली की बोलणं बंद पडायचं. कोणीतरी फळ्यावर मोठ्ठे १४० काढून ठेवले होते. तिने ते पुसले नाहीत. सत्तावीसपैकी अकरा जणांना पहिल्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही, आणि त्यातल्या चौघांनी तसं कबूल केलं. मनचे आकडे सांगणाऱ्या उरलेल्या सात जणांचं काय, या विचाराने तिला जेवण जाईना. सासूबाई बोलत होत्या, पण फक्त तेम्वाशी. "सांग तुझ्या आईला, सिमा निवतेय."

वारा दोन दिवस पडला आणि पुन्हा सुटला. एस्नाथ घरी गेली. मुलगी आता अंगावर पीत होती, थोडं थोडं, मध्येच दमून. पुढे ती कशी चालेल, कशी बोलेल, हे कोणी सांगू शकत नव्हतं. जायच्या आधी तावोंगाने एस्नाथच्या खाटेवर बसून जे घडलं ते सगळं तिला सांगितलं, आपल्या आकड्यासकट. एस्नाथने ऐकून घेतलं. मग इतकंच विचारलं, "मग आता कोण ऐकणार, सिस्टर?"

शुक्रवारी सकाळी ती वॉर्डवर गेली तेव्हा लुसुंगु एका पहिलटकरणीच्या खाटेशी वाकली होती. तिसावी बाई. छपराचा पत्रा वाजत होता. पहिलटकरणीची आई पायथ्याशी उभी राहून पुटपुटत होती, "आमच्या वेळी नव्हतं हे असं पोटाला कान लावणं. काय गाणं ऐकते की काय?"

"गप्प बसा, आजी," लुसुंगु पोटावरून मान न उचलता म्हणाली. तावोंगा दचकली. या मुलीने एका म्हातारीला गप्प बसवलं होतं.

मिनिट संपलं. लुसुंगु उठली. कानावर शिंगाचा लाल गोल उमटला होता. तिने तावोंगाला बघितलं, आणि लगेच नजर समोरच्या भिंतीकडे वळवली.

"एकशे चाळीस," ती म्हणाली.

तोच आकडा. तावोंगाने तिच्याकडे निरखून बघितलं. लुसुंगुची मान ताठ होती, कानाची पाळीही लाल झाली होती. ती भिंतीकडेच बघत राहिली.

"बरोबर आहे का, मॅडम?" असं तिने विचारलं नाही.

तावोंगाने तिच्या हातातून शिंग घेतलं. लाकूड अजून गरम होतं. ती वाकली, दुसऱ्या कानात बोट घातलं, आणि पत्र्याच्या धडधडीखाली, खूप खाली, ते भराभर चाललेलं पाऊल शोधायला लागली. सापडलं. मग घड्याळाच्या काट्याबरोबर तिने एकपासून मोजायला सुरुवात केली.